अर्नोसाठी न उचललेलं बोट

“पण हेडी, आता एकदम बोट उचललं तर कसं दिसेल गं?” माझ्या स्वयंपाकघरात कपबशा विसळता विसळता एल्मा हार्टिग असं म्हणाली होती, त्याला पस्तीसेक वर्षं झाली. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला कळतं. पण जे काही वाटायचं आहे, ते सगळं या एका वाक्यानंतर माझ्याजवळ उरलेलं आहे.

मी, हेडविग नोस्के, माहेरची लिबेल्ट, कै. अर्नो नोस्के यांची पत्नी, राहणार वारिंडी, दक्षिण ऑस्ट्रेलिया, वय एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणाचा दबाव नाही. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. यापूर्वीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी रेनाटे हिला. ती अॅडलेडला असते आणि नाताळलासुद्धा इथे मुक्काम करत नाही. रेनाटे, घर वीक. मला वाईट वाटणार नाही.

२. अर्नोचे पाने, हातोड्या आणि वेल्डिंगचं सामान जावईबापूंना. त्यांना खिळा ठोकता येत नाही, पण अर्नोला ते फार आवडले असते.

३. केकची पातेली चर्चच्या महिला मंडळाला. हिरवा मोठा वाडगा एल्माला हवा आहे, दर वेळी ती त्याच्याकडे बघते. तो तिला मिळणार नाही. कारण कलम सहानंतर कळेल.

४. विहिरीसकट सगळी शेतजमीन वारिंडीच्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवक पथकाला. पथकाचा बंब याच विहिरीवर भरतात. दुसरं पाणी फार लांब आहे.

ही जमीन मी त्यांना का देते, असं रेनाटे फोनवर ओरडून विचारते. म्हणून पुढचं कलम.

५. आमच्याकडे समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. बस, एवढंच. हात हलवत नाहीत, हसत नाहीत. त्या बोटाचा अर्थ, तू आमचा आहेस.

उत्तरेचा गरम वारा सुटला की कापणी थांबवायची, असं गावात ठरलेलं असतं. यंत्राची एक ठिणगी पुरते. आग लागली त्या दिवशीही अर्नोने यंत्र सगळ्यांच्या आधी बंद केलं होतं. मी त्याला डबा घेऊन गेले होते, इंजिन हाताला गार लागत होतं. तरी आमच्या बांधावरून आग निघाली आणि एल्माच्या नवऱ्याचा, क्लॅरी हार्टिगचा उभा गहू गेला, मेंढ्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून अर्नोला कुणी बोट उचललं नाही.

कुणी बैठक घेतली नाही. कुणी कुणाला सांगितलं नाही. त्याला डिझेल मिळायचं, चर्चमध्ये गाण्याचं पुस्तक पुढे सरकवलं जायचं, आमचं कुंपण पडलं तेव्हा क्लॅरीने स्वतः येऊन तारा ओढून दिल्या. फक्त बोट उठत नव्हतं. एवढ्या माणसांनी न ठरवता इतकं बिनचूक कसं केलं, याचा मी आजही विचार करते आणि थक्क होते. आमच्या चर्चच्या गायकवृंदाला एक कडवं कधी एकसुरात म्हणता आलं नाही.

हिवाळ्यात वीजमंडळाचा माणूस आला. त्या दिवशी वाऱ्याने बांधावरच्या विजेच्या दोन तारा एकमेकींना लागल्या होत्या, खांबाखाली वितळलेल्या धातूचे मणी सापडले. रविवारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. मी सोमवारी अर्नोचा चांगला शर्ट इस्त्री करून दिला आणि म्हटलं, “जा, गावात चक्कर मारून ये.” तो परत आला, टोपी काढली आणि म्हणाला, “क्लॅरीला खोकला झालाय वाटतं. तोंडावर हात धरून गाडीच्या आरशात बघत होता.” एल्मा माझ्याकडे ते वाक्य बोलली ती त्याच आठवड्यात. तिचे डोळे भरले होते. ती खरोखरच अवघडली होती.

अर्नो मात्र प्रत्येक गाडीला बोट उचलत राहिला. पुढे पुढे जेवतानाही ताटाच्या काठावर त्याचं बोट वर व्हायचं. मग झोपेतही. मी ते मुठीत धरून झोपायचे.

तो तळ्यात सापडला तेव्हा शोधायला सगळं गाव आलं होतं. क्लॅरीने त्याला पाण्यातून उचलून आणलं. छातीशी धरून तो रडत होता, “ऊठ रे लेका, ऊठ की! हा काय चावटपणा लावलायस?” ते रडणं खोटं नव्हतं. बायकांनी इतकं जेवण आणलं की फ्रिजचं दार लागेना. आणि दफनाहून परतताना समोरून आलेल्या प्रत्येक गाडीने मला बोट उचललं. एकानेही चुकवलं नाही.

रेनाटे म्हणते, “आई, ती माणसं राक्षस आहेत.” राक्षस असती तर मी तेव्हाच तुझ्याकडे आले असते गं. माझं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा एल्माने मला दोन महिने आंघोळ घातली. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायची. तोच हात. डोंगरासमोर उभं राहिल्यावर बोलणं सुचत नाही, तसं मला या माणसांसमोर होतं. हे इतकं मोठं, इतकं साधं, आणि रोज सकाळी विचारणार, “झोप लागली का?”

आता त्यांना काहीच आठवत नाही. गावच्या हॉलमध्ये तरुण मुलं सांगतात की म्हाताऱ्या नोस्केच्या यंत्राने मोठी आग लागली होती. एल्मा शेजारी बसून सँडविच कापत असते.

६. म्हणून हे कलम दोनच वाक्यांचं आहे.

अर्नो नोस्केच्या यंत्राने आग लागली नाही. हे वारिंडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरीही कुणी बोट उचललं नाही.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, अशी जुनी रीत आहे. एल्माला वाडगा का नाही, ते आता कळलं असेल. मी आणि दोन्ही साक्षीदारांनी एकाच वेळी, एकमेकांसमोर सही करायची असा नियम आहे. एकीनेही पेन खाली ठेवलं तर मीही सही करणार नाही, आणि दुसरा कुणी साक्षीदार शोधणार नाही. मग सगळं रेनाटेकडे जाईल. विहिरीच्या फाटकाला कुलूप लावून जमीन बाहेरच्याला विकणार, असं तिने सांगून ठेवलं आहे. पथकाला हे मी कळवलेलं आहे, एल्मालाही.

ठिकाण : वारिंडी, माझं स्वयंपाकघर
दिनांक : गुरुवार, ८ मे २००८

मृत्युपत्र करणार : हेडविग नोस्के ..........................

साक्षीदार पहिली : जोसी मॅक्राय, गावोगाव फिरणारी नर्स. ती इथली नाही, पट्टी बदलून झाली की लगेच करेल. ..........................

साक्षीदार दुसरी : एल्मा हार्टिग ..........................

एल्मा, साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असं कायदा म्हणत नाही, हे तू मला सांगशील. क्लॅरी गेला, मेलेल्यांना कशाला त्रास, असंही म्हणशील. कलम सहामधलं पहिलं वाक्य तू आनंदाने वाचशील, माझा हात दाबशील आणि चष्मा काढून ठेवशील. तसं करू नकोस. जोसीसमोर, मोठ्याने, कलम सहामधलं दुसरं वाक्यही वाच, आणि मग सही कर.