जिचा तिचा ट्रे

गुरु., १६ जाने.
उत्तरायण संपलं. बोटांवर मांज्याचे काप, घसा बसलेला. दोन दिवस बाबा नि मी गच्चीवरच. आईला म्हटलं फिरकी धर, तर "थंडीनं बोटं आखडलीत गं" म्हणत उंधियू ढवळायला खाली गेली.
आज पुन्हा कारखाना. दारातल्या बोर्डावर सुविचार लिहिला, गुजरातीत: काम असं करा की त्यावर आपलं नाव घालावंसं वाटेल. माझाच, कुठून घेतलेला नाही. रोज लिहायला कुणी सांगितलेलं नाही, मीच सुरू केलं. आमचे मालक महेतासाहेब थांबून वाचतात. आई वाचत नाही. "जय श्रीकृष्ण, मॅडम," म्हणून पॅकिंगच्या टेबलाशी बसते आणि सगळ्या हसतात. मी शाळेत असल्यापासून ती इथे मुखवासाच्या बरण्या भरते. आता त्याच टेबलावर मी ट्रेनी सुपरवायझर. घरातली पहिली ग्रॅज्युएट. हसू देत.

सोम., २० जाने.
सुचलं! जोड्या मोडायच्या. आत्ता दोघींत एक ट्रे. भरणं, झाकण, लेबल, कोण काय करतं पत्ताच नाही. मग चांगल्या कामाचं कौतुक करायचं कुणाचं? प्रत्येकीला स्वतःचा ट्रे, त्यावर नाव, शनिवारी पहिली येईल तिच्यासाठी टाळ्या.
म.सा. खूश. "तेजलबेन, आ तो बहु सरस!" (घरची तेजू, कागदावर तेजस्विनी, इथे तेजल.) मार्चमध्ये मला पक्की करायचं की नाही ते ठरणार. त्या दृष्टीनेही बरं.
येताना स्कूटरवर आईला सांगितलं. थेट घराजवळ, वासणा आल्यावर म्हणाली, "जोडी राहू दे ना. बायांना सवय आहे."
"आई, सवयी बदलल्याशिवाय माणूस पुढे जात नाही."
"बरं."

गुरु., २३ जाने.
सुरू केलं. आधी कुरकुर, मग चढाओढ. टेबलाला जान आली.
फक्त आईचा ट्रे सगळ्यांच्या मागे. आणि कोकिलाबेनची लेबलं वाकडी. या दोघी कायमच्या जोडीदारीण, डबासुद्धा एकत्र. कोकिलाबेनचे थेपले आई खाणार, आईचं थालीपीठ त्या. सवय लागेल हळूहळू.

शुक्र., २४ जाने.
कळलं. आज दोघींच्या मागे उभी राहून पाहिलं.
आईला झाकण दाबता येत नाही. सांधे सुजलेत, अंगठा वळतच नाही. कोकिलाबेनची नजर साखरेने गेलीय. म्हणून को.बेन दोघींची झाकणं दाबायच्या, आई दोघींची लेबलं लावायची. मध्ये एक ट्रे. बरण्या चोख जायच्या.
फिरकी धरली नाही ती थंडीमुळे नव्हे. एका घरात राहून मला…
घरी विचारलं, "मला सांगायचं नाहीस?"
"तुला काय सांगू? तू सुपरवायझर. मग तुला साहेबांना सांगावं लागलं असतं."

सोम., २७ जाने.
म.सा.नी बोलावलं. आईचा मागे पडलेला ट्रे, को.बेनची वाकडी लेबलं, नावांसकट त्यांनीही पाहिलीत. शांतपणे म्हणाले, दोघींपैकी एकीला ठेवू. कोण ते शनिवारी तुम्ही सांगा. कठीण निर्णय घेता आले पाहिजेत. वर, "तमारां मम्मी छे, हुं समजुं छुं."
मी म्हटलं, जोड्या परत लावते, काम पूर्वीसारखं होईल.
"तेजलबेन, मला दिसलंय. आता न दिसल्यासारखं कसं करू?"
वाईट माणूस नाही. रागावता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

मंगळ., २८ जाने.
पाण्याच्या नळाशी को.बेननी गाठलं. "तारी मा छे. तू एने ज राखवानी ने." म्हणजे आईलाच ठेवणार.
"मी अजून काही ठरवलं नाही, मासी."
"मासी नको म्हणू आता." हे मराठीत म्हणाल्या. आईकडूनच शिकलेलं मराठी. माझ्या दहावीच्या निकालाला यांनी टेबलभर पेढे वाटले होते.
दुपारी दोघींनी आपापले डबे आपापल्या ट्रेसमोर उघडले. पाठी एकमेकींकडे.

बुध., २९ जाने.
आई भाकरी थापत होती. म्हणजे तळहातानेच दाबत होती, बोटं वर उचललेली. अचानक म्हणाली, "तिची लेबलं दाखव ना साहेबांना. माझी झाकणं उशिरा का होईना, बसतात तरी."
को.बेनबद्दल आईच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. तिने तव्याकडे तोंड फिरवलं. भाकरी करपली.
हे मी केलं. कौतुक करायला निघाले होते.
जेवणं झाल्यावर तिनेच विषय काढला. आवाज अगदी बारीक. "नाहीतर मलाच काढ. तू पक्की हो. पण तिच्यासमोर माझं नाव वाचू नकोस."
बाबा पाट उचलून उगाच बाहेर गेले.

गुरु., ३० जाने.
बोर्डावर "हिंमत" एवढं लिहिलं आणि पुसलं. कुणाला सांगू? अंगठ्याला? डोळ्यांना? इतके दिवस लिहिलेलं सगळं अशा लोकांसाठी होतं ज्यांचं काहीच दुखत नाही.
वॉचमनकाका: "आजे कंई नथी लख्युं, बेन?" खडू ठेवून आत गेले.
राजीनामा द्यावा. पण मी गेले तर म.सा. नाव ठरवतील, तेही पटकन. दोघींचंही ठरवतील. राहिले तर मी ठरवायचं. तिसरं काही सापडत नाही. जेवण जात नाही. आईसमोर डबा रिकामा दिसावा म्हणून थालीपीठ कुत्र्याला घातलं. तेही तिने बोटं न वळवता थापलेलं.

शनि., १ फेब्रु.
जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. म.सा. पादरा गावाहून निघालेत. आले की बोलावणार.
सकाळी आईला घेऊन लवकर आले. ट्रेवरची नावं काढली, स्टुलं पुन्हा दोन-दोन लावली. परवानगी घेतली नाही. बाया आल्या, बघितलं, गपचूप आपापल्या जोडीला जाऊन बसल्या. आई आणि को.बेन मात्र उभ्याच. मध्ये एक ट्रे.
"बसा," मी म्हटलं. माझाच आवाज मला भीक मागितल्यासारखा वाटला.
बसल्या. एकमेकींकडे न बघता. आई बरणी भरत होती, झाकण ठेवत होती, दाबत होती, पुन्हा दाबत होती. को.बेन लेबल डोळ्याजवळ धरून. मला तिथे उभं राहवेना, पण हलताही येईना.
साहेबांना काय सांगायचं? मी नाव देणार नाही, एवढंच पाठ आहे. त्यांनी "मग तुमचंच देऊ का?" विचारलं तर हो म्हणायचं, हेही ठरवलंय. पण मग त्या दोघींचं काय, ते येत नाही. पुढचं काहीच येत नाही.
सुट्टीची घंटा व्हायच्या जरा आधी आई त्याच झाकणाशी अडली होती. को.बेननी मान न वळवता हात लांब केला, बरणी ओढून घेतली, दाबली आणि परत आईपुढे ठेवली. वर आपली बिनलेबलाची बरणीही सरकवली.
आईने लेबल लावलं. सरळ.
गाडीचा हॉर्न. गेट उघडतायत.