तीन बाटल्या आणि आईची पाणपोई

पूज्य भंते केतुमाल यांच्या चरणी,

शिष्या न्वे म्या हिचा तीन वेळा कपाळ जमिनीला टेकून नमस्कार. (पहिले दोन खरोखर टेकले. तिसऱ्याला गुडघा अडला, तो कागदावरच मान्य करून घ्यावा. एकेकाळी ज्याच्या पाठीवर बसून मी नदी ओलांडली त्याला असं लिहायचं म्हणजे हात अवघडतो, पण चीवर घातलेल्या भावाला दादा म्हणता येत नाही, त्याला माझा नाइलाज.) आपली तब्येत ठीक असावी. नव्या चष्म्याने पोथीतली बारीक अक्षरं दिसतात का? डोंगराच्या पायऱ्या चढताना मध्ये बसता की अजून तोच हट्ट? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. को ल्विनची गाडी चारला आपल्या डोंगराकडे निघते, तिच्यातून हे पत्र पाठवते आहे. आत्ता अडीच वाजलेत आणि तो समोरच्या दॉ सानच्या दुकानात चहा पीत बसला आहे, तेव्हा थोडक्यातच लिहीन.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी सायकलरिक्षा लावणारे ऊ पो थित आपल्याला आठवत असतील. आपण दीक्षा घेण्याआधी आईच्या नावाने फाटकाशी खांबावर दोन मडकी बसवलीत, वर पत्र्याचं छप्पर केलंत, आईचं नाव रंगवलंत आणि रोज भरायचं काम माझ्याकडे देऊन डोंगरावर निघून गेलात. (तक्रार नाही. बारा वर्षं झाली, नुसतं सांगते आहे.) त्या पाणपोईचं पहिलं पाणी ऊ पो थितच प्यायले होते आणि तेव्हापासून रोज पितात. पिऊन झालं की पाण्याचा मग झाकणावर पालथा ठेवतात, आईचं नाव वाचतात आणि मोठ्याने साधू साधू म्हणतात. तर गेल्या मंगळवारी पहाटे त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले ते थांबेनात. त्यांच्याच रिक्षात घालून त्यांना इस्पितळात नेलं. रिक्षा शेजाऱ्याने चालवली आणि ते मागे बसून त्याला वळणं कशी घ्यायची ते सांगत होते, असं म्हणतात. इस्पितळात पोचेपर्यंत मात्र त्यांचं बोलणं बंद झालं होतं. सलाईन लावलं. बायकोला विचारलं की काल बाहेर कुठे काय खाल्लं-प्यायलं, तर ती म्हणाली, दॉ न्वे म्याकडे पाणी प्यायले.

ही बातमी इस्पितळातून गल्लीत यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझी मोहिंगाच्या गरम रश्श्याची वाटीसुद्धा थंड झाली नसेल. आपल्या गल्लीचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. तोंडावर कुणी काही बोलणार नाही, सगळे हसून जेवलात का विचारणार. पण बुधवारी सकाळी बघते तर पाणपोईचा मग पालथा आणि त्यावर कुणीतरी विटेचा तुकडा ठेवलेला. मी वीट काढली. दुपारी परत वीट. शाळेतल्या मास्तरीणबाई, ज्या रोज येता-जाता थांबतात, त्या पलीकडच्या बाजूने छत्री आडवी धरून गेल्या, आणि आकाशात ऊन नव्हतं. दॉ सानने मला चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली, कारण ज्यांच्या घरात मयत झाली असेल त्यांच्याकडूनच ती पैसे घेत नाही.

भंते, मला झोप लागेना. रोज सकाळी पाणी ओतताना मी म्हणते की याचं पुण्य आईला पोचो. बारा वर्षांत एक दिवस चुकवला नाही, ताप होता तेव्हाही नाही. मग मनात आलं, की पुण्य जर तिच्या वाट्याला जातं तर हे जुलाब कुणाच्या वाट्याला गेले? खांबावर तर तिचंच नाव आहे. आणि ऊ पो थितांचं काही बरंवाईट झालं तर? यांना विचारलं. (हे म्हणजे माझे यजमान को बा सिन, अजून रेडिओच दुरुस्त करतात, अजून कुणी रेडिओ आणून देत नाही.) हे म्हणाले, आईंचा पत्ता आता बदलला असेल, पोचलं नसेल. तीस वर्षांच्या संसारात याहून मोठा धीर त्यांनी मला दिलेला नाही.

गुरुवारी वॉर्डाच्या आरोग्यसेविका मा यी मोन आल्या. कालपरवाची पोर, गालाला थनाखाचा लेप, पण वही उघडली की न्यायाधीश. आधी घर पाहिलं. बोअरची मोटर चालू असताना नळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मी म्हटलं, तो जरा झिणझिण्या देतो, आम्ही रबरी चप्पल घातल्याशिवाय त्याला हात लावत नाही, यांच्या खांद्याला तर त्याने बरं वाटतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने मोटरची वायर शोधली, ती यांनी चार ठिकाणी जोडून वर पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलेलं होतं, आणि जमिनीत जाणारी तार नव्हतीच. उंदराचं औषध सरबताच्या बाटलीत होतं. चुलीशेजारी रॉकेल होतं तेही सरबताच्याच बाटलीत. तिने विचारलं, मग सरबत कशात आहे? सरबत आम्ही पीत नाही, असं यांनी अभिमानाने सांगितलं. वहीची दोन पानं भरली. ती रिक्षावाल्याच्या पोटाची चौकशी करायला आली आणि मला वाटलं, आता आम्ही दोघंच अजून कसे जिवंत आहोत याची चौकशी होणार.

मग तिने तो प्रश्न विचारला. पाणपोईत कोणतं पाणी भरता? बोअरचं. आणि तुम्ही घरात कोणतं पिता?

हे मी आपल्याला आजवर लिहिलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी बोअरच्या पाण्याला लोखंडाचा वास यायला लागला, भात पिवळा पडायला लागला, तेव्हापासून आम्ही सीलबंद जार घेतो, वीस लिटरचा, हंसाचं चित्र असतं तो. पण मडकी दिवसाला दोन जार पितात, पाणपोईत कुणी जार ओततं का? म्हणून त्यात बोअरचंच ओतत राहिले. वाटसरूला तहान असते, त्याला वास येत नाही, असं मी मनाला सांगितलं. जे पाणी मी स्वतः तोंडात घेत नव्हते ते आईच्या नावाने वाटत होते. मा यी मोनने विचारलं तेव्हा हे छताकडे बघायला लागले आणि मी स्वयंपाकघरातल्या हंसाकडे बोट दाखवलं. तिने ते वहीत उतरवलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिने तीन छोट्या बाटल्या काढल्या. तळाशी औषध लावलेला कागद. एकीत मडक्याचं पाणी, तिला लाल दोरा. दुसरीत बोअरचं, पांढरा दोरा. तिसरीत जारचं, हिरवा. (जारचं कशाला, मी म्हटलं, ते तर चांगलंच आहे. ती म्हणाली, असू दे, तुलनेला.) एक दिवस ठेवायचं, पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू. पण थंडीचे दिवस, बाटल्या उबेत राहिल्या पाहिजेत, अंगाशी बांधल्या तर उत्तम. मी लगेच ओटीत खोचायला घेतल्या तर हे उसळले. म्हणे, पाणपोईचं पाणी, त्यातून उद्या एखादे भंते पितील, आणि ते बाईमाणसाच्या लुंगीत खोचणार? पुरुषाचं तेज जाईल. मी म्हटलं, हे पाणी कुणी पिणार नाही, तपासायचं आहे. तर म्हणे, तत्त्वाचा प्रश्न आहे. शेवटी तिन्ही बाटल्या यांच्या लुंगीच्या गाठीत गेल्या, वर माझी लोकरी शाल. चोवीस तास हा माणूस वाकला नाही. पायातली चप्पल मी घातली, जेवण मी भरवलं, आणि दॉ सान येऊन विचारून गेली की पोट एवढं कशाने सुजलं, तेही पाणपोईचंच पाणी प्यायले का.

तो दिवस मी कसा काढला ते मला विचारू नका. दर तासाला म्हणत होते, बघा ना जरा, आणि हे म्हणत होते, ऊब जाते. दुपारी ऊ पो थितांची बायको इस्पितळातून घरी डबा न्यायला आली होती, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी ठरवलं होतं की लाल दोऱ्याची बाटली काळी निघाली तर मडकी फोडायची, खांबावरचं आईचं नाव पुसायचं, आणि इस्पितळात जाऊन त्या माणसासमोर बसायचं. शुक्रवारी मा यी मोन आल्या, यांनी गाठ सोडली. लाल काढली. स्वच्छ. पांढरी काढली. स्वच्छ. हिरवी बाटली शाईच्या दौतीसारखी काळीभोर होती.

ती म्हणाली, हंसाच्या जारमध्ये कुणी काय भरलंय ते आता वर कळवते. बोअरचं पाणीसुद्धा उकळून घ्या, मडक्यांना तोटी बसवा, लोक त्यात हात बुडवतात. मी ऐकत होते पण मला दुसरंच आठवत होतं. सोमवारी ऊ पो थितांनी तांदळाचं पोतं स्वयंपाकघरापर्यंत खांद्यावरून आणून दिलं होतं. घामाघूम झालेले. ते पाणपोईकडेच निघाले होते, मीच थांबवलं. म्हटलं, आज चांगलं पाणी प्या, आणि जारमधून पेला भरून दिला. दोन पेले. बारा वर्षं त्यांना मडक्याने काही केलं नाही, मी आदर केला आणि ते सलाईनवर गेले. (यांचंही पोट चार दिवस बिघडलं होतं, ते यांनी मिरचीवर ढकललं.) काल ते घरी आले. मी जाऊन सगळं सांगितलं, जारचं आणि बोअरचं, दोन्ही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुमच्या आईचं पाणी चांगलं आहे हो. लोखंडाचा वास येतो, पण चांगलं आहे." मी तिथेच रडले.

असो. बाकी ठीक. वायरमन उद्या येतो. आपण प्रकृतीस जपावे, आणि या अडाणी शिष्येच्या वाट्याला थोडी मैत्री-भावना पाठवावी.

आपली शिष्या,
न्वे म्या

ता. क. सोबत चहाच्या पानांचं लोणचं पाठवते आहे. तिखट नाही.

ता. क. २. भंते, चार पानं लिहिली ती याच्याच भोवती फिरत. पौर्णिमेला आईच्या नावाने आठ जार पाठवले होते. त्यांच्यावर हंस आहे. दिलेलं दान परत मागू नये हे मला ठाऊक आहे, म्हणून मी परत मागत नाही. हे म्हणतात, भंतेंना लिही की पाय धुवायला वापरा, दानही राहील आणि पोटही. माझी विनंती एवढीच की त्यातला थेंबही पिऊ नका, आणि प्यायला असाल तर लपवू नका.

ता. क. ३. को ल्विन हॉर्न वाजवत होता. पत्र द्यायला गेले तेव्हा त्याला जारचं सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, "घाबरू नका. भंतेंनी त्याला तोंड नाही लावलं. ते पावसाचंच पितात. तुमचे जार चांगले म्हणून वाटसरूंच्या मडक्यात ओततात, पायऱ्यांच्या खाली. मी पण आज सकाळीच दोन मग प्यालो." मी इथे न पिण्यासारखं म्हणून वाटत होते, आणि तू तिथे चांगलं म्हणून स्वतः न पिता वाटत होतास. को ल्विनला मी ओसरीवर बसवलंय, मा यी मोनला बोलावणं गेलंय, त्याची गाडी आता त्याचा भाऊ आणेल आणि हे पत्रही तोच देईल. पायऱ्यांखालची मडकी आधी उपडी कर, जे कोण पिऊन वर आले असतील त्यांना थांबवून ठेव. पत्र नंतर वाच.