बावीस दुपट्टे, चव्वेचाळीस डोळे

१९ मार्च

बाविसावा दुपट्टा संपला. बावीस दुपट्टे, चव्वेचाळीस डोळे. आता बस!

कृती लिहून ठेवते. पिवळ्या जाड कापडाचे दोन गोल, व्यास साडेसहा सेंटिमीटर. मध्ये कोटाचं काळं बटण. बटणाभोवती रस्त्यावरच्या कामगारांच्या जॅकेटची चमकणारी पट्टी, गोल कापून. लोकरीच्या पापण्या. गालांवर गुलाबी ठिपके, खाली लाल दोऱ्याचं हसू. दोन डोळ्यांमध्ये नऊ सेंटिमीटर. दुपट्टा डोक्याला बांधला की डोळे बरोबर मागे आले पाहिजेत.

वाघ मागून येतो. आपल्याकडे पाहणाऱ्यावर सहसा येत नाही. म्हणून मोहाची फुलं वेचायला जाताना डोक्यामागे घालायचे प्लास्टिकचे मुखवटे वनखात्याने वाटले होते. ते सगळे आता गोठ्यात, खिळ्याला! घाम येतो, लेकरं भितात. 'असं थोबाड घेऊन कोण जाईन वो रानात?' मला वाटलं, गोड दिसलं तर घालतील. घालतात.

शेजारची वच्छलामावशी आज तिसऱ्यांदा आली. पहिला दुपट्टा तिचाच. आधी पापण्या लांब हव्या होत्या, मग हनुवटीवर तीळ, आज नथ.

"मागच्या तोंडालेबी नथ पाह्यजे. तेनं का पाप केलं?"

"वाघ लगीन मांगन मग," आई म्हणाली.

"मांगू दे. माह्या बुढ्यापेक्षा बरा. सकाळी उठते तरी."

आई हसून हसून भिंतीला टेकली. मी मोती ओवत होते. मावशी म्हणाली, "तू हासत काऊन नाई वो, दीपिका? डिप्लोम्यात शिकवत नाई का?"

मी तिला अंगणात उभं केलं, पंधरा मीटर मागे गेले. डोळे स्पष्ट दिसतात. सर्वांचं असंच तपासलं आहे.

२२ मार्च

वनखात्याच्या ऑफिसात दिवसभर फोटो. जंगलातल्या कॅमेऱ्यांसमोरून काही हललं की फोटो निघतो. मी तो उघडायचा आणि शिक्का द्यायचा — माणूस, गुरं, वाघ, बिबट, अस्वल, इतर, रिकामा. आज चौदा नंबरच्या कॅमेऱ्यात वच्छलामावशी. तो कॅमेरा आमच्या गावच्या मोहांजवळ आहे. टोपली कमरेला, पाठ कॅमेऱ्याकडे, आणि मागे नथ घातलेला हसरा चेहरा. जणू मुद्दाम फोटो काढून घेतेय.

शिक्का दिला — माणूस. पण फोटो पाच मिनिटं बंद केला नाही.

२७ मार्च

वच्छलामावशीला वाघाने नेलं. सकाळी, मोहाखाली.

निघताना दुपट्टा डोक्यावर होता. गाठ मी पाहिली होती.

२८ मार्च

आई पन्नास पावलांवर होती. तिला काही ऐकू आलं नाही. 'टोपली पडल्याचा आवाज आला फक्त' — एवढंच सांगते, सारखं तेच. आज पंचनामा, मग ते सगळं. रंजीता रडली नाही. मावशीची एकुलती एक मुलगी, माझ्याच वयाची, चंद्रपूरला नर्सिंग करते. रात्रीच आली होती. आल्या-गेल्याला पाणी देत होती.

वनरक्षक मिथुनभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "डोळे होते ना वो मागं? मंग?"

मंग! दुपट्टा सापडलेला नाही.

३१ मार्च

मिथुनभाऊंनी चौदा नंबरचं कार्ड आणून दिलं. 'सत्तावीसचे फोटो पाहून दहा तारखेपर्यंत वरती पाठवा लागते, तुमालेच.'

मी अठ्ठावीसपासून उघडलं. सत्तावीसचं फोल्डर तसंच.

अठ्ठावीस-एकोणतीसच्या रात्रींचे एकेचाळीस फोटो, वाऱ्याने फांद्या हलल्या म्हणून निघालेले. सगळ्यांत करवंदीच्या जाळीत, जमिनीपासून हातभर वर, दोन पांढरे ठिपके. कॅमेऱ्याच्या रात्रीच्या प्रकाशात जनावराचे डोळे असेच दिसतात. संगणक आपला अंदाज देतो — बिबट. पुढचा — बिबट. एकोणतीसच्या रात्री — बिबट. जनावर हलतं. हे हललं नाही. दोन ठिपक्यांतलं अंतर मी पडद्यावर मोजलं. मोजायची गरज नव्हती.

एकेचाळीस वेळा शिक्का दिला — रिकामा.

मग मिथुनभाऊंना सांगितलं, करवंदीच्या जाळीत बघा.

२ एप्रिल

दुपट्टा सापडला. रंजीताने तो धुतला. आमच्या दोन अंगणांमध्ये एकच तार. वाळत घातला तोही आमच्याकडे तोंड करून. एक पापणी गेली आहे. बाकी सगळं शाबूत. टाके पक्के होते.

मी आमच्या बाजूची खिडकी लावून घेतली. उकडतं.

४ एप्रिल

आता कळलं.

बाया पुन्हा मोहाला जायला लागल्या, घोळक्याने. आईसुद्धा. मी नको म्हटलं. 'मोहफूल का माह्यासाठी थांबन? आठ दिवसांनी झाड मोकळं.' सकाळी परत आली ती दुपट्टा न सोडताच अंगण झाडायला लागली. मी दारात चहा घेऊन उभी.

आई वाकली. डोक्यामागचे डोळे आभाळाकडे गेले.

सरळ वर. मागे कोणीही उभं असतं तरी त्याला ते दिसले नसते. मागून फक्त पाठ आणि लुगड्याचा काष्टा. म्हणजे मागे तोंड नसलेलं, बुटकं, चार पायांचं काहीतरी.

मी बावीस बायांना अंगणात ताठ उभं केलं. पंधरा मीटर. पापणीची लांबी मोजली, बटणाचा व्यास मोजला. मोह उभ्याने वेचत नाहीत. हे या गावातल्या पाच वर्षांच्या पोरीला माहीत आहे. मीसुद्धा लहानपणी वेचला आहे! वाकून!

चहा सांडला. आई म्हणाली, "काऊन वो, का झालं?" मी म्हटलं, काही नाही.

५ एप्रिल

चार बाया नवीन दुपट्टे मागायला आल्या. त्यांनी आपसात ठरवून टाकलं आहे — 'वच्छलाचा सुटला असन. डोळे असते त येत नोता वाघ.' सुगंधाबाई तर म्हणाली, "माह्यावाला घट्ट बांधून दे. टाचणी लावून दे."

मी सांगायला तोंड उघडलं. आणि डोक्याचं माप घेतलं. चौघींचंही.

७ एप्रिल

एकही शिवला नाही. बटणांची बरणी पेटीत ठेवली, पेटीवर गाद्या. तरी झाकलेल्या बरणीतून काही पाहतंय असं वाटतं. हे लिहायलाही लाज वाटते. बटणं पाहत नाहीत.

गावात कुठेही गेलं की पुढे एक बाई चालत असते आणि ती माझ्याकडे बघून हसत असते. पाठमोरी. सगळ्यांचं हसू सारखं — मी एकच साचा वापरला होता.

९ एप्रिल

सत्तावीसचं फोल्डर उघडलं. सकाळचे चार फोटो.

६:०४:११ — मावशी उभी. एक हात कमरेवर, पाठ मोकळी करतेय. तिच्या मागे सुक्या गवतात वाघ. बसलेला. तिच्या डोक्याकडे पाहतोय.

६:०४:४० — तसंच. मावशी उभी, वाघ बसलेला.

एकोणतीस सेकंद तो बसून राहिला! डोळ्यांनी काम केलं. एकोणतीस सेकंद केलं.

६:०५:०२ — ती वाकली आहे. वाघ उठला आहे.

त्यानंतरच्या फोटोत फक्त झाड.

शिक्के दिले. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: 'वाकलेल्या स्थितीत दुपट्ट्यावरचे डोळे निरुपयोगी.' खोडलं. पुन्हा लिहिलं. पाठवलं.

१० एप्रिल

बोरिंगच्या पंपावर सांगितलं. सकाळची गर्दी होती तेव्हाच, म्हणजे मागे फिरता येणार नाही. म्हटलं, हे डोळे वाकल्यावर वर बघतात. माझी चूक. मी तुम्हाला उभ्याने तपासलं. यांच्या भरवशावर जाऊ नका. तिघी वेचत असतील तर चौथीने उभं राहून मागे पाहायचं, वेचायचं नाही.

पाणी बादलीतून वाहून गेलं. मग सुगंधाबाई —

"मंग कमरेखालती लाव ना वो डोळे!"

"बापा! थ्या जागी नथ कशी घालाव?"

"तुह्यावाल्याले नाई लागत नथ. तसाच वाघ पळन!"

हसल्या. पदर तोंडात घालून हसल्या, आणि त्यांतल्या दोघी हसता हसता रडायला लागल्या. कोणी मला शिव्या दिल्या नाहीत. द्यायला हव्या होत्या. मी बादली भरली आणि आले.

घरी आई एवढंच म्हणाली, "रंजीताले सांगतलं?"

नाही.

१२ एप्रिल

दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. एकदा ती तांदूळ निवडत होती. एकदा नुसती बसली होती. दोन्ही वेळा वळले. आमच्या दोन दारांत अकरा पावलं आहेत.

१३ एप्रिल

उद्या तिची चंद्रपूरची गाडी. आज नाही तर मग पत्राने, फोनने — ते नको. तोंडाने सांगायचं. वाक्य पाठ केलं आहे: माझ्या मापात चूक होती, मावशीला त्याची किंमत पडली. एवढंच. माफी मागायची नाही, ती मागितली की तिला काहीतरी द्यावं लागेल.

१४ एप्रिल

सांगितलं. बॅग भरता भरता ती थांबली. म्हणाली, "मायले माहीत होतं. पह्यल्याच दिवशी फोनवर सांगतलं मले, हासून हासून — वाकलं का डोळे देवाले पाह्यतेत म्हणे. मी म्हणलं, मंग सांग ना तिले. त म्हणे, राहू दे, पोरगी कोणाशी बोलत नाई, थ्या बहाण्यानं माह्याशी बोलते." मग बॅगेची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "मीनं फोन कराले पाह्यजे होता ना वो तुले? तुहा नंबर होता माह्यापाशी."

ती मलाच विचारत होती.