शेवटच्या थांब्यावरची मोजणी

टेकडीवरून,
३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या डेपोतल्या इंजिनांच्या आवाजापुढे माझं काही चालत नाही, म्हणून लिहिते. मी तीस वर्षं कंडक्टर होते, तू अजून फेऱ्यांच्या वेळा लावतोस. विचारायचं ते तुलाच.

लेकाकडे येऊन वर्ष झालं. घर मोठं, स्वच्छ. सकाळी सातला गल्लीतली सगळी फाटकं उघडतात, मोटारी खाली स्टेशनवर जातात, तिथून माणसं गाडीने शहरात. मग संध्याकाळपर्यंत रस्त्यावर कोणी नाही. गवत कापायच्या यंत्राचा आवाज आला तरी बरं वाटतं. दुकानं, दवाखाना, वाचनालय, सगळं खाली. उताराला पायवाट नाही. मला नेते ती बस. तिला कंडक्टर नाही, ड्रायव्हरच तिकीट देतो. त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर.

ही बस बंद करावी असा अर्ज वसाहतीच्या अध्यक्षांनी केला आहे. ती म्हणे रिकामी फिरते, आवाज करते, आणि शेवटच्या थांब्याच्या जागी झाडं लावता येतील. अर्जावर सहावी सही आपल्या चिरंजीवांची. न वाचता केली म्हणाला. सूनबाई म्हणाली, आई, कुठे जायचं असेल तर सांगा, मी रविवारी नेईन. मनापासून म्हणाली. पण मी आयुष्यभर लोकांना पोचवलं. आता पुस्तक बदलायला रविवारची वाट बघू?

आणि बस रिकामी नाही. सव्वाआठला ती खालून खच्चून भरून निघते. स्वयंपाकाच्या बाया, मुलं सांभाळणाऱ्या, माळी. ते वाटेतल्या गल्ल्यांत उतरत जातात. वर पोचेपर्यंत आत कोणी उरत नाही, एवढंच. सतरा तारखेपासून दोन दिवस मोजणीला माणूस येणार आहे. काय करू ते कळव.

गुडघा जप. माझ्या काळजीला तुझ्याशिवाय दुसरा पत्ता नाही.

ताई


डेपोतून,
८ मार्च

ती. ताईस सा. न.

पत्र इथे मोठ्याने वाचलं. जुने ड्रायव्हर तुझा विषय निघाला की अजून बाकावरचे पाय खाली घेतात.

मोजणीचं असं आहे. त्या बायांकडे महिन्याचे पास असणार. पासला तिकीट फाटत नाही, म्हणून कागदावर त्या नाहीतच. म्हणून माणूस पाठवतात. तो शेवटच्या थांब्यावर बसतो, कारण आदेश तसा असतो आणि तिथे सावली असते. त्याला बोल लावू नकोस, मीही असाच बसलो आहे. त्याला खाली स्टेशनवर यायला सांगून बघ. नाही आला तर वरून माणसं भर. एवढी घरं आहेत, एकेक म्हातारं माणूस तरी निघेलच.

आणि भांडू नकोस. तिकीट न काढणाऱ्या त्या पैलवानाला तू भर पुलावर उतरवलंस, ते तेव्हा खपलं. आता सासू आहेस.

गुडघा ठीक. माया आहे तशी राहू दे, ओरडा कमी केलास तरी चालेल.

तुझा
धाकटा


टेकडीवरून,
१८ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आधी सोमवारची हार. मोजणीचे साहेब खुर्ची टाकून बसले होते. तरुण, सभ्य. खाली चला म्हटलं, तर म्हणाले, आदेश शेवटच्या थांब्याचा आहे. बस रिकामी आली आणि मला घेऊन गेली. त्यांनी वहीत एक लिहिलं.

दुपारी मी दारोदार फिरले. तुझं खरं निघालं. निवृत्त गणिताच्या बाई, मांजराशी बोलणारे एक सर्जन, असे करत अकरा झाले. अकराव्या अध्यक्षांच्या आई. चार वर्षांत त्या टेकडी उतरल्या नव्हत्या. मुलाला कळलं तर, असं मी विचारलं. म्हणाल्या, कळू दे, त्याला शाळेत मी बसनेच धाडत होते.

आज सकाळी अकरा जण रांगेत उभे. बस आली आणि माझ्या अंगात जुना कंडक्टर शिरला. दारापाशी उभी राहून एकेकाला हात दिला, काठ्या आत दिल्या, पुढे सरका म्हटलं, सर्जनना खिडकी सोडायला लावली. सगळे बसल्यावर सवयीने पत्र्यावर दोन थापा मारल्या.

पूर्वी थाप मारून मी पायरीवर उडी घ्यायचे. आज थाप हाताने मारली, उडी गुडघ्यांनी घेतली नाही. दार आपोआप मिटलं. बस गेली आणि मी रस्त्यावर.

साहेब इतके हसले की वही खाली पडली. आतल्या निम्म्या लोकांना कुठे उतरायचं तेही माहीत नव्हतं. माझी माणसं गेली, एवढंच मी म्हटलं. त्यांनी वही उचलली, मला सरकारी मोटारीत बसवलं आणि बसच्या मागोमाग स्टेशनवर आणलं.

नुकतीच गाडी येऊन गेली होती. थांब्यावर छत्तीस माणसं उभी. माझे अकरा उतरले, ते छत्तीस चढू लागले. साहेब मोटारीचं दार उघडून बघत राहिले. हे सगळे कुठे जातात, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही वर बसून ज्यांची वाट बघता ते हेच.

मोटार तिथेच ठेवून ते बसमध्ये चढले. माझे अकरा मी गणिताच्या बाईंच्या हवाली केले आणि मागोमाग गेले, या वेळी आतून. साहेब दांडा धरून उभे. दर थांब्याला किती उतरले ते लिहीत होते. शेवटच्या थांब्यावर आम्ही दोघंच उरलो. त्यांनी आपली खुर्ची घडी करून काखेत घेतली आणि त्याच बसने परत खाली आले. तिकीट काढून.

अध्यक्षांच्या आईंनी तोवर नव्या चपला घेतल्या होत्या.

निकाल महिन्याने. तोवर तुझं पत्र येऊ दे, म्हणजे दिवस सरतील.

ताई


टेकडीवरून,
२१ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

जिंकलो. बस राहणार. शिवाय दुपारची एक फेरी वाढली. साहेबांनी अहवालात लिहिलं आहे की यापुढे मोजणी बसमध्ये बसून करावी. हा नियम तुमच्याकडेही येईल, तेव्हा सावलीतली खुर्ची विसर.

सूनबाईने परवा मोटार घरी ठेवली आणि माझ्याबरोबर आली. दारातच थबकली. तिलाही पुढे सरकायला सांगितलं. सरकली.

काल अध्यक्ष स्वतः घरी आले, नवा अर्ज घेऊन. सकाळच्या बसला गर्दी फार, मातोश्रींना स्टेशनपासून उभं राहून यावं लागलं, तरी वसाहतीला आणखी एक बस मिळावी. तीस वर्षांत मी गर्दीच्या तक्रारी रोज ऐकल्या आणि रोज कान बंद केले. काल त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा एकदा सांगता का?

त्यांनी पुन्हा सांगितलं. तुलाही ऐकवायचं म्हणून लगेच लिहायला बसले. अशीच विचारपूस करत जा.

तुझी
ताई