पलंगावरची फळी

उमरखेड

प्रिय नागोराव यांस घनश्यामचा नमस्कार. आपली कंबर आणि आपले सोयाबीन, दोन्ही सावरली असतील अशी आशा आहे. आम्ही उभे आहोत. क्षेमकुशल हे शब्द सध्या जपून वापरतो.

परवा पहाटे जमीन पुन्हा हलली. (लोक आता "तुमच्याकडे किती वेळ होतं?" असं विचारतात, जणू वीज गेली होती.) घराला केसभर तडा नाही. पडला तो एकच: आपल्या मातोश्रींनी मैनाच्या लग्नात आंदण दिलेला पाण्याचा पितळी गुंड, पलंगावरच्या फळीवरून थेट माझ्या उशीवर. मी तेव्हा नळावर पाणी भरत होतो, म्हणून हे पत्र मी लिहीत आहे. आपल्या भगिनी धावत आल्या, गुंड फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "पोचा आला न वं माय." माझी चौकशी नंतर झाली.

मग शाळेत एक अभियंता येऊन बोलले. भिंती टिकतीलही, पण भिंतींवर आणि भिंतींना टेकवून आपण जे रचतो ते अंगावर येतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं, तिथेच घोटाळा झाला. कपाट पट्ट्या ठोकून भिंतीला जखडलं (दार आता अर्धंच उघडतं, माझे सदरे उरलेल्या अर्ध्यात आहेत). सिलिंडरला साखळी-कुलूप घातलं; सिलिंडर संपला तेव्हा किल्ली सापडेना, म्हणून शेजारच्या लालीबाईंकडे जेवलो. आजोबांची काचेची तसबीर दारावरून उतरवली, तर भाऊकीने बोलणं सोडलं (आधीही फारसं नव्हतं).

उरली ती फळी. गुंड, पराती, गंगाळ, म्हणजे आपल्या घराण्याची समग्र कीर्ती तिच्यावर आहे. मैना म्हणते, "माहेरचं सामान भुईवर ठेवलं तं लोक काय म्हनतीन?" शनिवारी आपली भाची खुशी वसतिगृहातून सुट्टीला येते आणि त्याच पलंगावर निजते. पोरीचं डोकं मोठं की ही कीर्ती, एवढंच मी विचारलं. तेव्हापासून चहा मुकाट्याने समोर येतो. तरी आपण स्वतः येऊन बहिणीला सांगावं, की भांडी खाली ठेवल्याने माहेर खाली येत नाही.

आपला,
घनश्याम

ता. क. मैनाने पत्र वाचलं. तिला काही लिहायचं आहे:

दादा, गुंड मी आजच उतरवते. पन यायच्या पोथ्यायची लोखंडी पेटी त्याच पलंगाच्या वर, माळ्यावर हाय, थे यायनं लिहिलंच नाही. उतरवा म्हटलं तं म्हनतात, पोथ्या जमिनीवर ठेवत नसतात. मंग माह्या मायचेच गुंड काहून ठेवाचे?

पुन्हा ता. क. वरील मजकूर खरा आहे. बरीच चर्चा होऊन असं ठरलं, की शुक्रवारी पेटी आणि गुंड एकाच वेळी खाली यावेत. आधी कोणीही उतरवायचं नाही. समजूत घालायचं राहू द्या. घरात शिडी एकच आहे. पुसदहून निघताना आपली घेऊन या.