राणीने धुतलेला अंगरखा

सूनबाई,

दूध तापवून झाकलंय. मी स्पर्धेच्या कचेरीत जातोय.

परीक्षणाला आलेल्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांवर लेखकाचं नाव नसतं. सातव्या कादंबरीतली राणी मोहिमेत मेलेल्या सरदाराचा अंगरखा दर महिन्याला धुऊन वाळत घालते. मी समासात लिहिलं, ‘असं कोणी करत नाही. थापा बेताने माराव्यात.’ शंभरात एकवीस गुण देऊन मोकळा झालो.

आज सकाळी गच्चीतल्या दोरीवर माझ्या पोराचा निळा सदरा दिसला. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, आणि सदरा ओला होता.

वाघावर बसून शाळेत गेल्याची थाप तुझ्या गळी उतरवणारा मी, आणि मीच तुला खोटं ठरवलं! कादंबरी माझ्याकडेच येणार हे तुला ठाऊक होतं का, ते विचारत नाही. सून लेखिका असताना सासरा परीक्षक चालत नाही. माझं नाव काढायला सांगतो आणि तो शेरा माझ्या हाताने खोडतो.

आणखी एक कबुली. शेवटचं प्रकरण मी वाचलंच नव्हतं. आता तिथल्याच बाकावर बसून वाचेन. उशीर झाला तर शोधायला येऊ नकोस. चारचौघांत रडायची सवय नाही मला, जरा वेळ लागेल.

बाबा