एक डोळा मिटून

शुक्र. ३ फेब्रु. २००६
यंत्रमाग शुक्रवारी बंद, लूमला सुट्टी, बाबा घरी. फळीवरचा डबा काढायला मान वर केली आणि भिंत धरून खाली बसले. पंधरवड्यातली चौथी वेळ. बोलणंही जड, जिभेवर काहीतरी ठेवल्यासारखं. आईने आधी काय केलं, तर तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला. दारू सोडून सात वर्षं झाली त्यांना. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले.

रवि. ५
आमच्या कोन गावातले डॉक्टर : "पित्त आहे. चहा कमी करा." चकरेची गोळी. मी विचारलं, मग बोलणं का अडखळतं? बाबांचं बोलणं नेमकं तेव्हा साफ. डॉक्टर म्हणाले, "मुलगी काय शिकलीय?" बाबा ताठ बसून, "बी.एस्सी. हाय." "तरीच," म्हणाले आणि दोघं हसले. बाबासुद्धा.

मंगळ. ७
आठवीला रक्ताभिसरण शिकवलं. फळ्यावर हृदय छान आलं. मेंदूच्या मागच्या बाजूला रक्त कुठून जातं, ते पाठ्यपुस्तकात नाहीच. घरी येऊन म्हटलं, ठाण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवू.
बाबा : "मना काय न्हाय झाला. ड्युटी सोडून कुठं फिरू?"
आई : "चार बुका शिकली म्हंजे डाक्टरीन झाली का तू?"
शुक्रवारी न्यायचंच. लिहून ठेवते, म्हणजे मीच मागे हटणार नाही.

गुरु. ९
एक दिवस राहिला होता.
दुपारी लूमवरच पडले. शेजारच्या लूमवरच्या रहीमभाईंनी उचलून आणलं. ठाण्याला नेताना कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग, पाऊण तास जागचे हललो नाही. बाबांचं डोकं माझ्या मांडीवर. ओठ हलत होते, शब्द नाही.
स्कॅन झाला. मेंदूच्या मागच्या भागाची रक्तवाहिनी अरुंद झालेली, तिची एक फांदी बंद. "आधी काही जाणवलं होतं का?" असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

शुक्र. १०
हॉस्पिटलच्या बाकावर रहीमभाईंना विचारलं, बाबांची जीभ अडखळते हे तुम्हाला कळलं नाही?
"बेटी, लूम में आवाज़ कौन सुनता है? सब हाथ से बोलते हैं।" मग खाली बघून, "महीने भर से एक आँख बंद करके धागा जोड़ता था। बोला, दो-दो दिखता है। घर में मत बताना।"
म्हणजे घरी फक्त बोलणं कळत होतं आणि लूमवर फक्त डोळा. दोन्ही एकत्र कोणी बघितलंच नाही. मला लूमवर जायची बंदी. बाबा म्हणायचे, "शिकलेल्या पोरीचा तिथं काय काम?" मला ते कौतुक वाटायचं.

बुध. २२
आठवड्यापूर्वी घरी आणलं. जीभ वळत नाही. रहीमभाई आले की दोघांचे हात चालतात, हसतातही. मी आणि आई मठ्ठासारख्या बघत बसतो. आज हट्टाने तीन खुणा शिकले. दोन बोटं फाकवली : धागा तुटला. मूठ मागेपुढे : लूम चालू. पोटावरून गोल हात : शेठ आला. आई हसली. किती दिवसांनी.
डॉक्टरांनी बजावलंय, गोळी चुकवू नका, मान झटक्याने वळवू नका, पुन्हा काही दिसलं तर थांबू नका. बाबांनी रहीमभाईंना खुणेने काय विचारलं, तर माझा लूम कोणाला दिला?

रवि. ५ मार्च
सकाळी रोजच्यासारखी बोटं फाकवून विचारलं, धागा तुटला? बाबांनी मूठ मागेपुढे केली. चालू.
मग चहाचा कप घ्यायला हात पुढे केला. एक डोळा मिटून.
आई म्हणते, कचरा गेला असेल. मी रिक्षा सांगून आले, ती येईपर्यंत लिहिते आहे. चपला त्यांच्या पायाशी ठेवल्यात. घालत नाहीत. खाटेची कड धरून बसलेत, माझ्याकडे बघत, आणि मूठ मागेपुढे, मागेपुढे